चित्रीकरण सुरू झालेलं नसावं

भरताची वांगी बाजारात आली, की मागोमाग आठवड्याभरात तो मेल येतो. यंदा दोन्ही एकाच दिवशी आले. पोपटी रंगाची, तेल लावल्यासारखी चकचकीत तीन मोठी वांगी पिशवीत घालून मी स्टुडिओत पोचले, कॉम्प्युटर सुरू केला, आणि समोर मेल. जगभरातल्या उदयोन्मुख स्वतंत्र चित्रपटकर्त्यांसाठी अनुदान, अर्ज खुले झाले आहेत. खाली बर्फात कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या एका बाईचा फोटो. दर वर्षी फोटो बदलतो, मजकूर तोच राहतो. ती बाई हसत होती आणि मला उगाचच तिचा राग आला.

उदयोन्मुख या शब्दाची तर मला चीडच आहे. त्याचा अर्थ अर्जात दिलेला असतो. ज्यांचा अजून एकही पूर्ण लांबीचा चित्रपट झालेला नाही, ते उदयोन्मुख. म्हणजे ज्याचा चित्रपट कधीच होणार नाही, तो मरेपर्यंत उदयोन्मुख. माझ्या डोक्यात पांढरे केस आले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, आणि मी आपली अजून उगवतेच आहे. पेरलेलं इतके दिवस उगवलं नाही, तर आमच्याकडे माणूस शेतात नांगर फिरवून मोकळा होतो. मला ते जमलेलं नाही. मेल मी पुसत नाही आणि अर्जही भरत नाही.

पोटासाठी मी धुळ्यात लग्नांचे व्हिडिओ जोडते. हळद, वरात, पाठवणी. पाठवणीला मागे सनई टाकायची, आई रडत असेल तिथं चित्र थोडं सावकाश करायचं. मग नवरदेवाकडून फोन येतो, की आमच्या आत्याबाई कुठंच दिसत नाहीत. आत्याबाई शोधून आणायच्या. काम वाईट नाही. पण त्याच्याही आधी मी एक बारा मिनिटांची फिल्म केली होती. जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाला टेकून डबा खाणाऱ्या बायकांची. परदेशातल्या एका छोट्या महोत्सवात ती दाखवली गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या असं मला कळवण्यात आलं, आणि न ऐकलेल्या त्या टाळ्यांवर मी पुढं कितीतरी हिवाळे काढले.

त्यातला एक हिवाळा मात्र निघता निघत नाही. चार वर्षं झाली. वांगी दिसली की तो येतोच, आणि वांगी आमच्या खानदेशात दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दिसतात.

माझं गाव भडगाव, गिरणेच्या काठचं. तिथली हिवाळ्यातली सकाळ आधी नाकाला कळते. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकलेली असतात, त्यांच्या सालीचा करपट गोड वास गल्लीभर असतो, धूर खालीच रेंगाळतो. मग कुठूनतरी लाकडी बडगीत मिरची-लसूण ठेचल्याचा आवाज. आणि या सगळ्याच्या वरून, दोन गल्ल्या पलीकडून, सुपडू नानांचा आवाज यायचा.

सुपडू नाना रिक्षातून पुकारा करायचे. रिक्षा त्यांची स्वतःची, टपावर दोन भोंगे, एक हात हँडलवर आणि एका हातात माइक. आज नळाला पाणी येणार नाही. अमुक दुकानात साड्यांचा सेल. कानाला पांढरा ठिपका असलेली शेळी हरवली आहे. हे सगळं एका सुरात. मयताची खबर असली की सूर बदलायचा. आधी सोनगीरहून आणलेली पितळेची घंटा एकदा वाजवायची, मग सावकाश, “कळवण्यास अत्यंत दुःख होते की.” त्यानंतर नानांचा एक थांबा असायचा. नाव येईपर्यंत अंगणातला झाडू थांबायचा, हापसा थांबायचा, माझी आई दुधाचं पातेलं हातात धरून दारात उभी राहायची. नाव आलं, की ओळखीचं असो नसो, सगळे एकदम श्वास सोडायचे. शेवटी घंटा पुन्हा एकदा, म्हणजे खबर संपली.

नाना ओरडत नसत. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, एवढं हळू बोलता तरी गावभर कसं ऐकू येतं? ते म्हणाले, “मोठ्यानं बोलाले भोंगा शे ना. मी कसाले बोंबलू?”

आणि त्यांचा एक नेम होता. मयताची खबर कोणी सांगितली म्हणून ते देत नसत. स्वतः त्या घरी जायचे, चपला बाहेर काढायच्या, आत जाऊन पाहायचं, हात जोडायचे, मग बाहेर येऊन माइक हातात घ्यायचा. एकदा एक पुतण्या रडत रडत आला, काका गेले म्हणून. नाना गेले तर काका खाटेवर बसून बशीत चहा ओतत होते, आणि त्यांनीच नानांना विचारलं, “कोन गयं रे, सुपडू?” पुतण्याला दवाखान्यातून फोन आला होता तो दुसऱ्याच कोणाचा. गावात ही गोष्ट हसण्यावारी सांगतात. नाना मात्र कधी हसले नाहीत. “सोता जाईसन देखस, मंगच माइक हातमा लेस,” एवढंच म्हणायचे.

बाकीचे पुकारेवाले एव्हाना पेनड्राइव्ह लावून मोकळे झाले होते. एकदा बोलून ठेवायचं, दिवसभर तेच वाजत राहतं, हा गडी तिकडं टपरीवर. नानांना ते पटलं नाही. शेळीचं चालेल, पण मेलेल्या माणसाचं नाव दर चौकात ताजं घेतलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून तीस-पस्तीस वर्षं गावाला ज्याच्या तोंडून सगळं कळलं, त्याचा आवाज कुठंही भरून ठेवलेला नव्हता.

मग त्यांचा घसा बसू लागला. आधी तंबाखूवर ढकललं, मग भोंग्याच्या धुळीवर. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घशात कॅन्सरची गाठ सापडली, विजेचे शेक दिले, वर्षभर बरं वाटलं, आणि पुन्हा गाठ दिसली. डॉक्टरांनी सांगितलं, आता स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. खाट रिकामी झाली की कळवू. त्या दिवसांत मी गावी गेले होते आणि नानांच्या बायकोनं, अक्कांनी, हे मला चुलीपुढं वांगी फिरवता फिरवता सांगितलं. बातमी सांगताना त्यांचा हात थांबला नाही.

त्याच आठवड्यात मेल आला होता. मला वाटलं, हे माझ्यासाठीच आलंय. आता लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं. एका माणसाचा आवाज जाणार आहे हे ऐकून मला आधी वाईट वाटलं आणि लगेच नंतर फिल्म दिसली. पहाटेचा धूर, रिक्षा, घंटा, थांबलेले झाडू. नानांना विचारलं तर ते म्हणाले, “मन्हा आवाजमा काय शे देखासारखं?” पण खुश झाले होते. अक्कांनी टोपी धुवायला घेतली.

ज्यांनी असले अर्ज कधी भरले नाहीत त्यांना काय सांगू. फिल्म एका वाक्यात सांगा. मग एका पानात सांगा. मग पाच पानांत. ही फिल्म आत्ताच का? ती तुम्हीच का करावी? तिच्यामुळं जगात काय बदलेल? जगात काय बदलेल या चौकोनापुढं मी दोन दिवस बसून होते. भडगावात नळाला पाणी येणार नाही हे लोकांना कळायचं बंद होईल, यापलीकडं मला काही सुचत नव्हतं. शेवटी स्मृती, समुदाय, वारसा असले जड शब्द एकमेकांना टेकवून उभे केले. ज्या भाषेत नाना बोलतात तिचं नाव लिहायला भाषांच्या यादीत जागाच नव्हती, तिथं ‘इतर’वर खूण केली.

मोबाइलवर मी अकरा मिनिटं शूटिंग केलं होतं. नुसतं बघायला, की कसं दिसतंय. नाना रिक्षात बसलेत, रस्त्यावर कोवळं ऊन, आणि ते एका म्हातारीच्या निधनाची खबर देताहेत. थांब्याच्या वेळी मागच्या ओट्यावरची एक बाई सुपात तांदूळ घेऊन जिथल्या तिथं उभी राहते. ते मुद्दाम मागूनही मिळालं नसतं.

अर्जाला नानांची सही लागणार होती. त्यांनी कधी न वाचलेला कागद पुकारला नव्हता, तर न वाचलेल्या कागदावर सही कुठली करतात. म्हणाले, बठ्ठं वाची दखाड. मी ओट्यावर बसून एकेक ओळ मराठीत सांगत गेले. शेवटी प्रतिज्ञापत्र होतं. त्यातली एक ओळ, अर्ज करतेवेळी चित्रीकरण सुरू झालेलं नसावं. मी ती झटकन वाचून पुढं जात होते. नानांनी थांबवलं.

“मांगे ये. काय लिखेल शे?”

मी पुन्हा वाचलं.

“मंग तुन्हा मोबाइलमा परवादिन काय करं?”

“ते नुसतं बघायला, नाना. ते कोण बघायला येतंय इथं?”

“कोनी देखो का नको देखो. नही म्हनीसन लिखी देस तू, आनि शे तर खरं.” घसा दुखत होता, तरी त्यांनी पुढचं सावकाश, पुकाऱ्याच्या सुरात म्हटलं, “मी आजलोंग खोटी खबर दिधी नही. तू बी देऊ नको. पुसी टाक.”

मी पुसलं. त्यांच्यासमोर बसून, अकराच्या अकरा मिनिटं. नंतर मोबाइलच्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढून टाकलं. त्यांनी मोबाइल हातात घेऊन, डोळ्यांपासून लांब धरून खात्री करून घेतली आणि मग सही केली. मलाही त्या वेळी फार पवित्र वाटलं. आपण खरं लिहून दूरदेशी पाठवतोय, म्हणजे तिथून खरंच काहीतरी येईल, असलं काहीतरी.

नुसता खरेपणाच होता, असं म्हणून मी सुटू शकत नाही. मोबाइलच्या त्या हलत्या चित्राची मला लाज वाटत होती. पैसे आले की चांगला माइक, चांगला साउंडवाला, पुण्याहून कॅमेरा, मग नानांना असं टिपू की लोक बघत राहतील, अशी माझी हाव होती. साधं टिपून ठेवायला कोणाच्या अनुदानाची गरज नव्हती. हे कळायला मला अनुदान नाकारलं जावं लागलं.

संक्रांतीच्या आधी कळलं की शेवटच्या काही जणांत आपण आहोत. त्या सगळ्यांची ऑनलाइन ओळख करून दिली गेली. पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं. कुठं दिवस, कुठं संध्याकाळ, एकीच्या मागं कोंबडा ओरडत होता. प्रत्येकाकडं काहीतरी बुडत होतं, आटत होतं किंवा मरत होतं. एकीच्या गावाचं स्मशान समुद्र खात होता. इल्दा नावाची एक बाई होती, डोंगराळ देशातली, ती बंद पडायला आलेल्या खाणीच्या शिट्टीवर फिल्म करणार होती. तिची माझी गट्टी जमली. आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत एकमेकींना धीर द्यायचो. मला तेव्हा पहिल्यांदा विचित्र वाटलं. एवढ्या मोठ्या जगातून आम्ही सगळे आपापलं मरतं माणूस पुढं करून रांगेत उभे होतो, आणि ज्याचं जास्त मरतंय त्याला मिळणार होतं. तरी रांग सोडावीशी वाटली नाही.

मुलाखत भडगावला, नानांच्या घरून झाली. मुलाखत घेणाऱ्या समितीची सकाळ म्हणजे आपली दुपार. फिल्म ज्याच्यावर आहे त्यालाही पाहायचंय असं त्यांनी कळवलं होतं. अक्कांनी सकाळपासून घर सारवल्यासारखं पुसून काढलं, औषधांची पिशवी माळ्यावर टाकली, दवाखान्याचे फोटो आणि कागद गादीखाली. आणि भरीत केलं. पाव्हणे येणार म्हणजे येणार, मग ते काचेतून का येईनात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, वर कांद्याची पात, अशी एक ताटली त्यांनी लॅपटॉपशेजारी आणून ठेवली. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, “खातीन नही, पन दखाड तरी त्यास्ले.”

पडद्यावर तिघं होती. त्यातल्या आखूड पांढऱ्या केसांच्या बाई फार मायेनं बोलत होत्या. मला विचारायचे प्रश्न झाले, मग त्यांनी नानांकडं पाहून विचारलं, आणि मी मराठीत सांगितलं, “नाना, त्या विचारताहेत, तुमचा आवाज जाणार असं अर्जात लिहिलंय. तुम्हाला कसं वाटतं? या फिल्मकडून तुम्हाला काय पाहिजे?”

नानांनी टोपी नीट केली. घसा खाकरला. आणि मयताच्या खबरेच्या आधी घ्यायचे तेवढाच थांबा घेऊन म्हणाले, “आवाज कोठे जास? घसा बठेल शे जरासा. बठ्ठं बरं शे, ताई. तुमनी किरपाथीन काय कमी नही. तुमी भरीत खावाले या.”

ती तिघं माझ्याकडं पाहू लागली. मला काहीही सांगता आलं असतं. नाना म्हणताहेत की माझा आवाज जाण्याआधी तो ठेवून घ्या. कोणाला कळणार होतं? शेजारी नाना बसले होते आणि त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. पण ज्या माणसानं मला अकरा मिनिटं पुसायला लावली, त्याच्या तोंडी मी त्याचं नसलेलं वाक्य कसं घालू? मी शब्दाला शब्द सांगितलं. सगळं बरं आहे, काही कमी नाही, आणि भरीतसुद्धा. बाई हसल्या, ताटली पाहून खूप छान म्हणाल्या, आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

लॅपटॉप मिटल्यावर मी नानांवर चिडले. असं कसं बोललात म्हटलं. ते चकित होऊन माझ्याकडं पाहत राहिले.

“पहिलांदाच घर उनात त्या लोके. पाव्हनास्पुढे रडगानं गातस का, माय?”

माझ्या घरीही तसंच आहे. बाप दवाखान्यात असला तरी दारात आलेल्याला आम्ही म्हणतो, सगळं बेस आहे, बसा, चहा टाकते. समोरच्यानं ते ओळखायचं असतं. घरातला गॅस बदललेला नाही, पोर शाळेत गेलेलं नाही, बाईच्या हातात बांगडी नाही, हे बघून न सांगितलेलं समजून घ्यायचं असतं. आखूड केसांच्या त्या बाईंना हे कुठून ठाऊक असणार. त्यांच्याकडं विचारलं की सांगतात.

नंतरच्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला, खाट रिकामी झाली आहे, उद्या हजर व्हा. नाना आणि अक्का पहाटे निघाले. मी धुळ्यात हेडफोन लावून कोणाची तरी हळद जोडत होते, मोबाइल मुका करून ठेवलेला. संध्याकाळी पाहिलं तर नानांचे दोन मिस्ड कॉल. मी उलट फोन केला तेव्हा ते वॉर्डात पोचलेले होते. “काय नही, सहज करा व्हता,” म्हणाले. तू जेवली का विचारलं. घरची चावी शेजारी ठेवलीय म्हणाले. मी काळजी करू नका वगैरे म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं, हा आवाज उद्यापासून नसणार. पुन्हा फोन करून सांगावं, की अक्कांच्या मोबाइलवर काहीतरी बोलून ठेवा, काहीही, शेळीचंसुद्धा चालेल. बटणावर बोट होतं. पण उद्या ज्याचा गळा उघडणार, त्याला आज शूटिंग करा म्हणायची मला लाज वाटली. मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

त्याच आठवड्यात मेल आला, अर्जांची संख्या मोठी असल्यानं निकाल थोडा पुढं जात आहे, आपल्या संयमाबद्दल आभार.

निकाल शिमग्यात आला. वांगी तोवर जून होऊन आत बिया धरतात, भरीत कडसर लागतं. मी तो मेल इतक्यांदा वाचला आहे की पाठ झाला आहे. समितीला नानांच्या आवाजानं स्पर्श केला. मात्र या व्यक्तीच्या आयुष्यात नेमकं काय पणाला लागलं आहे, हे पुरेसं स्पष्ट झालं नाही. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा. खाली एक दुवा होता. आपल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग, आपल्या संग्रहासाठी, तीस दिवस उपलब्ध. मी ते उतरवून घेतलं आणि उघडलं नाही.

इल्दालाही नकार आला. मी तिला अकरा मिनिटं पुसल्याचं सांगितलं. ती म्हणाली, अगं, आम्ही सगळेच शूट करतो आणि नाही म्हणून लिहितो. शिवाय तळटीप वाचली नाहीस का, चाचणीपुरतं चित्रण चालतं. मी तळटीप वाचली नव्हती. इल्दा आता बेकरी चालवते. खाणीची शिट्टी तिनं मोबाइलवर घेऊन ठेवली आहे. ती कधीमधी मला पाठवते, आणि मला तिचं कौतुक वाटायच्या आधी पोटात दुखतं.

त्यानंतर मी भडगावची जुनी लग्नं धुंडाळली. स्टुडिओत हार्ड डिस्कांचा ढीग आहे. कुठंतरी, वरात थांबलेली असताना, मागून नानांची रिक्षा गेली असेल. तासन्‌तास ऐकलं. डीजे, फटाके, डीजे. एका ठिकाणी मागं रिक्षा दिसते, टपावर दोन भोंगे, आत नाना, ओठ हलताहेत. आणि वर आम्ही स्टुडिओवाल्यांनीच टाकलेलं गाणं. मूळ आवाज तेव्हाच काढून टाकलेला. कोणी काढला असेल, हे मी शोधलं नाही. तेव्हा त्या खुर्चीत मीच बसत होते.

नाना आहेत. जीव वाचला, डॉक्टर म्हणाले तसं. गळ्याला भोक आहे, त्यावर अक्का पांढरं फडकं बांधतात. यंत्र लावून बोलायचं शिकवतात म्हणे, नानांनी ते एकदा ऐकलं आणि नको म्हणून हात हलवला. रिक्षा विकली. घंटा ठेवली आहे. पाणी पाहिजे असलं की एकदा वाजवतात. बाकीचं पाटीवर लिहितात, मोठ्या, सरळ अक्षरात. गावात आता पेनड्राइव्हवाल्याचा पुकारा असतो. परवा त्यानं एका माणसाच्या दहाव्याची वेळ दिवसभर चुकीची वाजवली. नानांनी ओट्यावर बसून ती सगळ्या चौकांतून ऐकली.

यंदाचा मेल आला, त्या आठवड्याच्या रविवारी मी वांगी घेऊन भडगावला गेले. दर वर्षी जाते. अक्कांनी काड्या पेटवल्या, नाना ओट्यावर ऊन खात बसले होते. त्यांनी पाटीवर लिहिलं, फारम उना का? मी म्हटलं, आला. भरना का? मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळलं नाही.

मग माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, नाना, तुमचा आवाज आहे माझ्याकडं. त्या मुलाखतीतला. मी कधी ऐकला नाही.

अक्का चुलीवरून उठून आल्या, हात काळेच. मी मोबाइल मधे ठेवला आणि चार वर्षांत पहिल्यांदा ते लावलं. आधी माझंच इंग्रजी, मग खाकरणं, मग तो थांबा. शेजारच्या ओट्यावरची बाई निवडत असलेली भाजी तशीच धरून वळून पाहू लागली. “बठ्ठं बरं शे, ताई. तुमनी किरपाथीन काय कमी नही.” अक्कांनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. मला वाटलं, निदान एवढं तरी उरलं. खूप दिवसांनी मला बरं वाटलं.

नाना मात्र पाटीकडं पाहत होते. त्यांनी ती फडक्यानं कोरडी केली आणि लिहिलं, हाई खोटं शे. मग खाली, पुसी टाक.

“राहू द्या ना, नाना,” मी म्हटलं. “एवढंच आहे.”

त्यांनी लिहिलेल्या शब्दांखाली रेघ ओढली. आयुष्यभर माइकवर एक खोटी खबर दिली नाही, आणि शेवटी शिल्लक राहणार ती हीच, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर इतकं उघडं होतं की माझ्याच्यानं वर पाहवेना. मी मोबाइल हातात घेतला, त्यांच्यासमोर दोन-तीन ठिकाणी बोट दाबलं.

“पुसलं, नाना,” मी म्हणाले.

मी पुसलं नव्हतं. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्या चुलीकडं परतल्या. मी वाट पाहत राहिले, की आता नाना मोबाइल मागतील, डोळ्यांपासून लांब धरून बघतील. त्यांनी मागितला नाही. पाटी पुसली, घंटा उचलली आणि एकदा वाजवली. खबर संपली. स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय मेलेल्या माणसाला मेलेला न म्हणणारे नाना, माझ्या नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवून भरीत खायला आत गेले.